मेलेला माणूस खोकत नाही

सुरतेत उधन्याला मामाच्या घरी मोरीजवळ एक मोठा खिळा होता. त्यावर मामाच्या कामाच्या कपड्यांशिवाय दुसरं काही अडकवायचं नाही, असा मामीचा दंडक होता. मामा रात्री गाडीनं यायचा, अंगणातच चपला काढायचा, कोणाला हात न लावता सरळ मोरीत जायचा. तिथं त्याची बादली वेगळी, साबण वेगळा. आंघोळ झाली की नखं उजेडात धरून बघायचा आणि मगच चहाच्या कपाला हात लावायचा. आम्ही भाचरं त्याच्या अंगावर धावून जायला टपलेली असायचो, पण आंघोळीआधी तो आम्हाला जवळ येऊ द्यायचा नाही.

सुरतेपासून तासाभराच्या अंतरावर एका तालुक्याच्या दवाखान्यात तो शिपाई होता. कागदावर शिपाई, प्रत्यक्षात पीएम (पोस्टमॉर्टेम) रूममध्ये डॉक्टरांच्या हाताखाली प्रेत उघडायचं आणि पुन्हा शिवून नातेवाइकांच्या हवाली करायचं, हे त्याचं काम. घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. बोलायची ती फक्त जिजी, म्हणजे मामाची आई, माझी आजी.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली भागात राहणाऱ्या हजारो खानदेशी कुटुंबांसारखंच आमचंही कुटुंब लूमच्या मागं आलेलं. भुसावळ-सुरत लाइन ही आमची खरी नदी. तिच्यातूनच सुरतेला माणसं आली, तिच्यातूनच लग्नं जमली, आणि संकट आलं की माणसं तिच्यातूनच परत वाहत गेली. जिजी म्हणायची की तिच्या सासूच्या वेळीही असंच झालं होतं.

जिजीची सासू, जिला सगळे मोठी माय म्हणत, ती गाठीच्या तापाच्या वर्षांतली. उंदीर मेले की गाव उठायचं, शेतात झोपड्या बांधून राहायचं, हे तिनं लहानपणी भोगलेलं. पण जिजी सांगायची ती गोष्ट उंदरांची नव्हती, प्रेतांची होती. घरात माणूस गेलं तर मोठ्यानं रडायचं नाही. आवाज ऐकून सरकारी माणूस येईल, प्रेत बघायला मागेल, काखा-जांघा चाचपून बघेल. म्हणून तोंडात पदर कोंबून बायका बसायच्या आणि रात्री गुपचूप प्रेत उचललं जायचं.

मोठी झाल्यावर इतिहास वाचला, तेव्हा जिजीच्या शब्दाशब्दाला पुरावा सापडत गेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात आर्थर रोडच्या दवाखान्यावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. दवाखान्यात नेलेल्या माणसाला मारून त्याच्या देहातून मोमियाई नावाचं औषध काढतात, अशी आवई तेव्हा उठली होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि घरांच्या झडत्या, गाड्यांची तपासणी, प्रेतांची पाहणी हे सगळं कायद्यानं होऊ लागलं. पुण्यात त्याचा शेवट प्लेग अधिकारी रँडच्या खुनात झाला. मृताचा देह तपासण्यामागं जिवंतांचं भलं आहे, हे लोकांना कोणी समजावून सांगितलंच नाही. त्यांच्या दारात आला तो हुकूम आणि बंदूक. आपल्याकडं ‘चिरफाड’ या शब्दाला आजही जो कडवटपणा आहे, त्यात त्या वर्षांचा मोठा वाटा असावा असं मला वाटतं.

मग १९९४ आलं. मी बारा वर्षांची होते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीला पूर येऊन गेला होता. सखल वस्त्यांत चिखल, कुजलेला कचरा, मेलेली जनावरं. तिकडं मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी ऑगस्टमध्ये गाठीचा प्लेग आल्याची बातमी होती, पण ती लांबची वाटत होती. गणपती विसर्जन झालं आणि दोन-तीन दिवसांत वेड रोड, कतारगामकडून माणसं दवाखान्यात येऊ लागली: ताप, धाप, थुंकीतून रक्त. हा गाठीचा नव्हता, फुप्फुसाचा होता, श्वासातून पसरणारा. वीस-एकवीस तारखेला ‘प्लेग’ हा शब्द फुटला आणि शहर रिकामं व्हायला लागलं. चार-पाच दिवसांत काही लाख माणसं निघून गेली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लीन संपलं. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं गाड्यांच्या दारांना लटकून, टपांवर बसून चालली होती.

जिजीनं आम्हाला ट्रंकेवर बसवलं आणि ती एकटी शांत होती. “मोठी माय सांगे तेच शे हाई,” ती म्हणाली. मामा मात्र त्या दिवसांत उलट्या दिशेनं जात राहिला. सगळ्या गाड्या माणसांनी फुटायच्या बेतात सुरतेबाहेर चाललेल्या, आणि त्यांतल्याच एकीत हा सकाळी ड्यूटीवर जायला उभा.

त्या आठवड्यात रेल्वे पोलिसांनी त्याच्या दवाखान्यात एक प्रेत आणलं. विशी-बाविशीतला पोरगा, रुळाच्या कडेला सापडलेला. खिशात लूमच्या कारखान्याची चिठ्ठी आणि खानदेशातल्या एका गावाचा पत्ता. नाकातोंडाभोवती वाळलेलं रक्त. तेवढं बघूनच स्ट्रेचर ओढणारे दोघं मागं सरले. सुरतेहून आलेला, तोंडातून रक्त, म्हणजे दुसरं काय असणार? पोलिसांचाही आग्रह होता: बाहेरूनच बघा, संशयित प्लेग लिहा, इथंच जाळून टाकू.

तिथले डॉक्टरसाहेब गुजराती होते. मामा सांगायचा की ते बराच वेळ प्रेताजवळ उभे राहिले आणि मग म्हणाले, “मरेलो माणस खांसी नथी खातो.” मेलेला माणूस खोकत नाही. जिवंत रोगी दर खोकल्याला जंतू हवेत फेकतो. प्रेत ते करत नाही. त्याच्यातून जे हवेत उडेल ते आपल्याच हातांनी उडेल. करवतीचा भुसा, नळीच्या पाण्याचा फवारा, घाईत उडालेला रक्ताचा थेंब, हातमोज्यातून गेलेली सुई. एवढ्या गोष्टी आवरल्या, तर प्रेत उघडता येतं.

त्यांनी कसं आवरलं ते मामा बोटांवर मोजून सांगायचा. पीएम रूम म्हणजे दवाखान्यामागची पत्र्याची खोली. तिच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, वारा कुठून येतो ते चुना उधळून पाहिलं आणि टेबल असं फिरवलं की वारा पाठीमागून येईल. आत दोघंच, बाकी सगळे बाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. गॉजच्या घड्यांमध्ये कापूस घालून तोंडाला पट्ट्या बांधल्या. हातमोज्यांवर जाड रबरी मोजे चढवले. पाण्याची नळी बंद. ओल्या फडक्यानं टिपायचं, फडकं ब्लीचिंग पावडरच्या बादलीत टाकायचं. एका वेळी एकाच्याच हातात धारदार हत्यार. कवटी कापताना करवतीवर ओलं कापड धरायचं, म्हणजे भुसा त्यातच बसेल.

डोळ्यांसाठी मात्र काही नव्हतं. डॉक्टरसाहेब स्कूटरनं यायचे, त्यांच्याकडं धुळीसाठी एक गॉगल होता, कडेनं रबर असलेला. सगळ्या दवाखान्यात तेवढा एकच. त्यांनी तो काढून मामाच्या डोळ्यांवर चढवला आणि पट्टा मागून घट्ट केला. मामा नको म्हणाला. ते म्हणाले, करवत तुझ्या हातात आहे.

उघडल्यावर फुप्फुसात प्लेगची खूण डोळ्यांना दिसली नाही. डाव्या बाजूच्या चार बरगड्या मोडलेल्या, त्यातल्या एकीचं टोक फुप्फुसात घुसलेलं. कवटी मागच्या बाजूला तडकलेली. पोरगा भरल्या गाडीतून पडला होता. फुप्फुसाचा तुकडा बाटलीत घालून तपासणीला पाठवला, पण दाखल्यावर मृत्यूचं कारण त्या दिवशीच लिहिलं गेलं: पडल्यामुळं झालेल्या जखमा.

हा दाखला पुढं काय करणार आहे, ते खोलीतल्या दोघांनाही तेव्हा कळलं नव्हतं. महिन्याभरानं पोराचा बाप तो घ्यायला आला. सुरतेहून पोरगा मेल्याची बातमी गावात आधीच पोचली होती, आणि गावानं घराला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं. किराणा मिळेना, विहिरीवर जाऊ देईनात, धाकट्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आलं. बापानं कागद घडी करून छातीशी धरला. नंतर कधीतरी अमळनेरच्या बाजारात तो मामाला भेटला, तेव्हा म्हणाला, “कागद उना, तव्हय गावनी पानी भरू दिन्हं.” कागद आला, तेव्हा गावानं पाणी भरू दिलं. शवविच्छेदन कशासाठी करायचं, असं मला कोणी विचारलं तर मी हे वाक्य सांगते.

त्या डॉक्टरांना हे सगळं सुचलं कुठून, याचा शोध मी पुढं बरीच वर्षं पुस्तकांतून घेतला. तेव्हा कळलं की त्या पत्र्याच्या खोलीत शंभर वर्षांचं शहाणपण गोळा झालं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी व त्यांच्या हाताखालच्या माणसांनी जिवाची किंमत मोजलेली होती.

सुरतेच्या साथीच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८९४ च्या उन्हाळ्यात, हाँगकाँगला प्लेगचा जंतू सापडला तो प्रेतांमुळंच. जपानचे कितासातो आणि फ्रेंच सरकारनं पाठवलेले येरसँ दोघंही तिथं पोचले होते. येरसँना प्रेतं मिळत नव्हती. शेवटी प्रेतं पुरण्याचं काम असलेल्या खलाशांच्या हातावर पैसे ठेवून त्यांनी गाठींतले नमुने मिळवले. जपानी पथकातले आओयामा प्रेतं उघडता उघडता स्वतःच प्लेगनं पडले. नशिबानं वाचले.

१८९७ मध्ये व्हिएन्नाहून आलेल्या डॉक्टरांच्या पथकानं मुंबईत प्लेगची कितीतरी प्रेतं उघडली आणि सगळे सुखरूप मायदेशी गेले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८९८ मध्ये, व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत त्याच जंतूवर काम चालू असताना प्लेग फुटला. पहिला गेला तो फ्रान्झ बारिश, प्रयोगशाळेतला शिपाई. जनावरांचे पिंजरे साफ करणारा माणूस. त्याची शुश्रूषा करणारे डॉ. म्युलर गेले, मग एक परिचारिका गेली. डॉक्टर मुंबईहून वाचून आले आणि घरी मरण दारात आलं ते सगळ्यात खालच्या हातातून. हे वाचताना मला मोरीजवळचा तो खिळा दिसत होता.

आणि मग हार्बिन. डिसेंबर १९१०, उत्तर चीनची हाडं गोठवणारी थंडी. पेनांगमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले एकतीस वर्षांचे डॉ. वू लियेन-तेह तिथं पोचले. चीनमध्ये तेव्हा प्रेत उघडायला मान्यता नव्हती. एका खानावळवाल्याची जपानी बायको मेली होती; तिच्याच घरात त्यांनी गुपचूप शवविच्छेदन केलं आणि हृदयात, फुप्फुसात, प्लीहेत प्लेगचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाठ नाही, तरी प्लेग. म्हणजे हा श्वासातून पसरतोय. यावरून त्यांनी गॉजमध्ये कापूस घातलेल्या पट्ट्या सगळ्यांना बांधायला लावल्या. डॉ. मेनी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर हसले, पट्टी न बांधता वॉर्डात गेले आणि काही दिवसांत वारले. मांचुरियात त्या साथीनं सुमारे ६० हजार माणसं नेली. पण तोंडावरची ती पट्टी एका प्रेतानं शिकवली, आणि चौऱ्याऐंशी वर्षांनी ती गुजरातेतल्या पत्र्याच्या खोलीत माझ्या मामाच्या तोंडावर बांधली गेली.

सुरतेच्या त्या साथीत पन्नासच्या वर माणसं गेली. ती प्लेगचीच होती का, यावर मात्र पुढं वर्षानुवर्षं वाद चालला. केंद्र सरकारनं डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. स्वतः विकृतिशास्त्रज्ञ असलेल्या या ज्येष्ठ डॉक्टरांच्या समितीनं प्लेग असल्याचा निष्कर्ष काढला. पुढं १९९६ आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासण्यांनीही जंतू तोच असल्याचं दाखवलं. पण १९९८ मध्ये देवधर, येमुल आणि बॅनर्जी यांनी ‘कधी न आलेला प्लेग’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून पुराव्यांवर कडक आक्षेप घेतले. मी डॉक्टर नाही, त्या वादात निवाडा देणं माझं काम नाही. पण घबराटीच्या पहिल्या दिवसांत नमुने नीट घेतले, जपले आणि नोंदवले, तर पुढच्या पिढीला भांडत बसावं लागत नाही, एवढं मात्र त्यातून समजतं. जिजी याच गोष्टीला तिच्या शब्दांत म्हणायची, “मानूस गया, पन काय व्हयनं ते कयनंच नही.” माणूस जाण्याइतकंच न कळणंही तिला सलायचं.

२०२० मध्ये कोविड आला आणि प्रेत उघडायचं की नाही, हा प्रश्न नव्यानं उभा राहिला. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, जिजी गेली होती. मे २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं सूचना काढल्या: कोविडच्या प्रेतांवर कापाकापी टाळावी, बाहेरून तपासावं, फोटो काढावेत, नातेवाइकांकडून हकिकत घ्यावी, दवाखान्यात कोविडनं मेलेल्याचं शवविच्छेदन शक्यतो माफ करावं. कारण स्पष्ट होतं. प्रेतातल्या स्रावांपासून डॉक्टरांना, शवागारातल्या माणसांना, पोलिसांना धोका होता, आणि या रोगावर टेट्रासायक्लीनसारखी गोळी नव्हती. ती काळजी खोटी नव्हती.

पण जगातले दुसरे डॉक्टर दुसऱ्या बाजूनं विचार करत होते. जर्मनीतही सुरुवातीला प्रेतं न उघडण्याचा सरकारी सल्ला होता. हॅम्बुर्गचे प्राध्यापक क्लाउस प्युशेल यांनी तरीही उघडली. पहिल्या बारा जणांपैकी सात जणांच्या पायांच्या खोल शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत्या, ज्यांचा मृत्यूआधी कोणाला संशयही आला नव्हता. चौघे तर फुप्फुसात गुठळी अडकूनच गेले होते. रोग फुप्फुसाचा, पण मारतोय रक्तातून, हे प्रेतांनी सांगितलं. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा विचार जगभर गांभीर्यानं होण्यात अशा निष्कर्षांचा मोठा हात होता. आपल्याकडंही त्याच वर्षी भोपाळच्या एम्समध्ये आणि राजकोटच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनासाठी शवविच्छेदनं सुरू झाली. बंगळुरूचे डॉ. दिनेश राव यांनी मृत्यूनंतर अठरा तासांनी एका देहाची तपासणी केली. नाकात आणि घशात विषाणू सापडला, कातडीवर नाही. मृताच्या कपाळावर हात ठेवायला घाबरणाऱ्या किती घरांना त्या एका नोंदीनं धीर दिला असता!

डॉक्टरांचं यावरचं म्हणणं मला जितकं समजलं, ते असं. पीएम रूममध्ये येणारं प्रत्येक प्रेत संसर्गी आहे असंच धरून चालावं, कारण काय झालं होतं हे उघडल्यावरच कळतं. आपल्या देशात तर साथ नसतानाही त्या टेबलावर क्षयाचा धोका रोजचाच आहे. म्हणून हवा खोलीतून बाहेर खेचून गाळून सोडणारी यंत्रणा हवी, मुखपट्टी, डोळ्यांना झाकण, दुहेरी मोजे आणि त्यांच्यामध्ये न कापणारा मोजा हवा. जिथं पूर्ण उघडणं धोक्याचं, तिथं सुईनं फुप्फुसाचे, यकृताचे नमुने घेता येतात. दिल्लीच्या एम्समध्ये मार्च २०२१ पासून सीटी स्कॅनच्या साहाय्यानं, चीर न देता शवविच्छेदन होऊ लागलं आहे. पण हे सगळं साथ नसताना उभं करावं लागतं. साथीत सुचते ती फक्त भीती.

त्या भीतीचं टोक सुरतेनं एप्रिल २०२१ मध्ये पाहिलं. अश्विनीकुमारला, उमराला, जहांगीरपुराला चिता थंड होत नव्हत्या. गॅसच्या भट्ट्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्याच्या बातम्या आल्या. नातेवाईक लांब उभे, आणि एकता ट्रस्टचे अब्दुल मालबारी यांच्यासारखी माणसं परक्यांच्या देहांना अग्नी देत होती, दफन करत होती. प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या माणसाला नेमकं काय झालं, हे विचारायला कोणाकडं उसंत नव्हती.

त्याच दिवसांत मामाचा धाकटा मुलगा, माझा मामेभाऊ, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागला. पहिल्या दिवशी त्यानं पांढरा पोशाख, मुखपट्टी, तोंडावरचं पारदर्शक झाकण असा सगळा जामानिमा घालून फोटो पाठवला. मामीनं मोबाइल मामापुढं धरला. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी मामानं फोटो जवळ नेऊन पाहिला. पोराच्या मागं, दाराशी, झाडू आणि बादली घेऊन एक माणूस उभा होता. नुसत्या रुमालानं तोंड बांधलेला.

मामानं लगेच फोन लावायला सांगितला. पोरगा म्हणाला, “बाबा, माझी काळजी करू नका, मला सगळं दिलंय.”

“तुझं दिसलं मला,” मामा म्हणाला. “मागं उभा आहे त्याला कधी देणार?”